सेकोंदोनं ठोकलेली मडगार्डं

एवाझिओ क्रावेरोला ऐकू येत नाही, असं तोरीनोतली आमची सगळी बोर्गो सान पाओलो वस्ती म्हणते. मी म्हणते, त्याला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. पत्रा ठोकणाऱ्यांचे कान चाळिशीतच जातात, तसे त्याचेही गेले. पण कोपऱ्यावरच्या बारमध्ये कुणी नुसतं ‘ग्रामाल्या कुपे’ म्हटलं की हा शहाऐंशी वर्षांचा म्हातारा हातातले पत्ते टाकतो आणि तीन टेबलं ओलांडून येतो. मग पुढचा अर्धा तास समोरच्याची सुटका नसते.

“मागच्या मडगार्डावरची ती धार बघितली का कधी?” तो विचारतो. “ती माझी.”

ती धार दाराच्या मागे कुठून सुरू होते ते कळत नाही. मागच्या चाकावरून ती चढत जाते आणि दिव्यापाशी विरून जाते. जुन्या गाड्या जमवणारे शौकीन तिला ‘ग्रामाल्या धार’ म्हणतात आणि तिच्यावरून असं बोट फिरवतात की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. या दोन दारांच्या कुपे सगळ्या मिळून सातच झाल्या. तेवढ्या सातांवर एवाझिओनं आयुष्यभर फुशारक्या मारल्या, आणि मी त्या ऐकून घेतल्या.

मी देल्फिना. त्याच्याच जिन्यावर, समोरच्या दारात राहते. माझा नवरा सेकोंदो पेइरोने आणि हा एवाझिओ ग्रामाल्याच्या कारखान्यात एकाच गाडीच्या दोन बाजू ठोकायचे. हा डावी, सेकोंदो उजवी. मी वरच्या मजल्यावर सीटांचं कातडं शिवायची आणि डिकीला अस्तर लावायची. एका बाजूला एक माणूस, हा आमच्याकडचा रिवाजच होता. त्यामुळे ग्रामाल्याच्या कुठल्याही गाडीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसत, बोटभर फरक असायचाच. मालक म्हणायचे, गिऱ्हाईक काय दोन्ही बाजू एकदम बघणार आहे?

एवाझिओ त्रीनोच्या भातखाचरांतला. पंधराव्या वर्षी तोरीनोला आला तो एका बहिणीच्या पत्त्यावर आणि एका जोडी बुटांवर. त्यानं लग्न केलं नाही. एकदोघींशी जमलं होतं, पण त्या याच्या तोंडाला कंटाळल्या. दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतो, आन्योलोत्तीच्या सारणात मीठ कमी आहे म्हणतो आणि दोनदा वाढून घेतो. माझ्या बाजाराच्या पिशव्या अजून तोच वर आणतो, दर पायरीला कण्हत. त्याचे हात मात्र खरे होते. डोळे मिटून तळवा फिरवला की डोळ्यांना न दिसणारा उंचवटा त्याला सापडायचा. बाजारात खरबूजसुद्धा तो तसंच बघतो, आणि फळवाला दर वेळी ओरडतो, “मोसू एवाझिओ, घ्यायचंय की लग्न करायचंय?”

आता धारेचं काय झालं ते सांगते.

एकसष्ट साली पहिली कुपे झाली तेव्हा एवाझिओ काविळीनं इस्पितळात होता. म्हणून तिची मागची दोन्ही मडगार्डं एकट्या सेकोंदोनं ठोकली. गुळगुळीत, त्यांच्यावर धार नव्हती. ती गाडी ट्रिएस्तेच्या एका दंतवैद्यानं नेली आणि पुढे ती कुणाला दिसलीच नाही.

दुसऱ्या गाडीला एवाझिओ कामावर आला. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकण्याआधी मऊ करावा लागतो. त्याला साबण चोळायचा आणि ज्योत फिरवायची. साबण तपकिरी झाला की थांबायचं, काळा झाला तर पत्र्यातला जीव गेला. त्या दिवशी हे महाशय हातात ज्योत धरून फुटबॉलवरून कुणाशी तरी भांडत होते. साबण काळा झाला. तरी यानं तो पत्रा तसाच ठोकायला घेतला, आणि मडगार्ड पुरं होत आलं तेव्हा चाकाच्या वर ते वीतभर फाटलं.

पत्रा वाया घालवला म्हणून त्याच आठवड्यात फोरमननं एकाला हाकललं होतं. एवाझिओ जमिनीवरच बसला. तेव्हा सेकोंदो त्याच्या बाजूला आला, फाटलेल्या जागेवरून हात फिरवला आणि म्हणाला, “ऊठ. हे दोन काठ एकावर एक घे, जोड, आणि दुमड पुढे-मागे लांब ओढत ने. लोकांना वाटेल मुद्दामच केलंय.” मग त्यानं स्वतःचं उजवं मडगार्ड, जे पुरं झालं होतं, ते पुन्हा हातात घेतलं आणि सुटी होण्याआधी त्यावर तशीच धार उठवली. मी दारांचं कातडं घेऊन खाली गेले तेव्हा दोघं पाठीला पाठ लावून ठोकत होते. दुपारचं जेवण तसंच डब्यात पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले आणि गाडीभोवती तीनदा फिरले. “हे कुणाचं काम?” त्यांनी विचारलं. सेकोंदोला खोटं बोलताच यायचं नाही. त्यानं एवाझिओकडे बोट केलं. एवाझिओचा चेहरा पांढरा पडला. मालक म्हणाले, “पुढच्या सगळ्या गाड्यांना ही हवी.” आणि आपल्या पेन्सिलीशिवाय काही चांगलं झालं हे त्यांना सोसवेना, म्हणून आठवड्याभरात त्यांनी नवा नकाशा काढला, त्यात धार घातली आणि खाली तारीख जुनीच टाकली.

पुढच्या वर्षी एवाझिओ फोरमन झाला. सेकोंदो त्याच्या हाताखाली काम करू लागला. मी चिडायची. सेकोंदो हसून म्हणायचा, “अगं, फाटका पत्रा कुणाच्या नावावर का असेना, आपल्याला काय?” चौऱ्याहत्तर साली छातीच्या दुखण्यानं तो गेला. त्याच वर्षी शिवणकामातल्या निम्म्या बायकांना घरी बसवलं. माझं नाव यादीत पहिलं होतं. एवाझिओ ऑफिसात गेला, टेबलावर हात आपटला आणि माझं नाव खोडून घेतलं. त्या दिवसापासून माझंही तोंड बंद झालं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या प्रकरणात तो एकटाच गप्प बसला असं कुणाला वाटायला नको.

गेल्या ऑक्टोबरात वाल्तेरचा फोन आला. वाल्तेर एवाझिओच्या हाताखाली शिकला. आता मोनकालिएरीला त्याचं गॅरेज आहे, जुन्या गाड्या पूर्ववत करून देतो.

“मादामा देल्फिना, उस्तादांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला सांगतो. पहिली गाडी सापडली.”

मी खुर्चीत बसले. दंतवैद्याच्या नातवंडांनी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली असलेली ती गाडी बेर्गामोच्या तिराबोस्की नावाच्या शौकिनाला विकली होती. वसंतात सरोवराकाठी जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, तिथे त्याला ती उभी करायची होती. त्यासाठी शौकिनांच्या समितीचा अस्सलपणाचा दाखला लागतो. बनवणाऱ्यांपैकी आम्ही दोघंच जिवंत, म्हणून आम्हा दोघांना बोलावणं होतं.

गाडीचा रंग उतरवून ठेवला होता. नागडी, करडी, चार ठोकळ्यांवर. मी दारातून वाकून सीट बघितली. कातडं तडकलं होतं, पण शिलाई माझीच होती. कोपऱ्यावर मी नेहमी दोन टाके जास्त घालायची. मागे एवाझिओ मडगार्डावर तळवा ठेवून, डोळे मिटून उभा होता. इतका वेळ उभा राहिला की वाल्तेरनं माझ्याकडे बघितलं.

समितीचे इंजिनिअर मालविझी सभ्य माणूस. बोलायचे हळू, पण टाचणी टोचल्यासारखं. “अडचण अशी आहे,” ते म्हणाले, “की मागचा भाग नंतरचा आहे. एक तर धार नाही. दुसरं, आम्ही यंत्रानं मोजलं. बाकीच्या सहा गाड्यांच्या दोन बाजूंत आठ-नऊ मिलिमीटरचा फरक आहे. हिच्यात जेमतेम एक. ग्रामाल्याकडे इतकं सारखं काम कधीच होत नव्हतं.”

“म्हणून वाल्तेर हा भाग कापून काढेल,” तिराबोस्की म्हणाला. हातमोजे घालूनच तो गाडीला शिवत होता. “नवे पत्रे, धारेसकट, तीन नंबरच्या गाडीबरहुकूम. उस्ताद, आपण फक्त शेजारी उभं राहायचं. दोन फोटो काढू. धारेचा जनक आणि पहिली गाडी!”

एवाझिओनं माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही. साठ वर्षांचा राग माझ्या डोळ्यांत होता, तो त्यानं नीट वाचला असणार. तो थोडा सरळ झाला.

“हे कापायचं नाही,” तो म्हणाला. बहिरे बोलतात तसं, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल एवढ्यानं. “हे अस्सल आहे. दोन्ही बाजू सारख्या आहेत, कारण दोन्ही एकाच माणसानं ठोकल्यात. सेकोंदो पेइरोनेनं. मी काविळीनं पडलो होतो. आणि धार ही धार नाही. ती माझी चूक आहे. मी पत्रा जाळला, तो फाटला, आणि सेकोंदोनं मला वाचवलं.”

त्यानं सगळं सांगितलं. साबण, फुटबॉल, जमिनीवर बसणं, काही म्हणता काही वगळलं नाही. मी असं कधी त्याला बघितलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

मालविझींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टॅबलेट काढला. “उस्ताद, ब्याण्णव साली एका मासिकाला आपण मुलाखत दिली होती. ‘मोनफेर्रातोच्या टेकड्या संध्याकाळच्या उजेडात बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी हात आपोआप वळला.’ आपलेच शब्द.”

टेकड्या! हा माणूस ज्या गावचा, तिथे जमीन तव्यासारखी सपाट.

“ते मी खोटं बोललो,” एवाझिओ म्हणाला.

“तेव्हा, की आता?” मालविझी खरोखरच हळुवारपणे म्हणाले. “नकाशावर धार आहे, उस्ताद. तारीख पहिल्या गाडीच्या आधीची. मित्राबद्दल आपलं प्रेम समजतं. पण आम्हाला कागद बघावे लागतात.”

“नकाशा नंतर काढलाय!”

“हो, हो,” तिराबोस्की म्हणाला, आणि त्यानं एवाझिओच्या खांद्यावर थोपटलं. मोठा माणूस लहानाला थोपटतो तसं. मग तो माझ्याकडे वळला. “मादामा, आपणही होतात ना तिथे? आपण काय म्हणता?”

“तो म्हणतोय ते अक्षर न् अक्षर खरं आहे,” मी म्हणाले. “मी डोळ्यांनी बघितलं.”

“हे सेकोंदो पेइरोने म्हणजे आपले…”

“नवरा.”

तिराबोस्कीनं मान खाली घातली. इतक्या अदबीनं की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“मान कशाला खाली घालता?” मी म्हणाले. “विधवा म्हटलं की खोटारडी का? मुंडी आत घालून पत्रा बघा, साहेब! माणसाचा हात दिसतो त्यात. तुमच्या त्या यंत्राला दिसत नसेल तर चष्मा घाला त्याला.”

वाल्तेर जमिनीकडे बघत पुटपुटला, “मी सोमवारी कापायला घेतो.” त्याला वाईट वाटत होतं. पण गाडी गिऱ्हाइकाची होती.

आम्ही बसनं परत आलो. जिन्यात मला राहवलं नाही.

“बासष्ट वर्षं लागली तुला?”

“लागली.”

“आणि बोललास ते अशा वेळी की कुणाला खरं वाटेना. टेकड्या म्हणे! लाज नाही वाटली तेव्हा?”

“वाटली होती,” तो म्हणाला. “पण तो मुलाखतवाला लिहून घेत होता गं. माझं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी लिहून घेत होतं.” त्यानं कुलपात किल्ली घातली, फिरवली, आणि दार न उघडता तसाच उभा राहिला. “मी त्याचं सगळंच खाल्लं, देल्फिना. आता हेही जाणार.”

मला नेहमी वाटायचं, ज्या दिवशी हा कबूल होईल त्या दिवशी मी सुखानं जेवीन. त्या संध्याकाळी मी ताट तसंच झाकून ठेवलं. जगात सेकोंदोचं काय उरलंय, याचा मी पहिल्यांदा नीट विचार केला. आम्हाला मूलबाळ नाही. त्याचे कपडे मी केव्हाच चर्चला दिले. बाकीच्या गाड्यांत त्याची एकेक बाजू आहे, पण ती याच्या चुकीची नक्कल करणारी. त्याच्या मनासारखं, त्याच्या एकट्याच्या हातचं असं काही असेल तर ती दोन मडगार्डं. आणि ती सोमवारी भंगारात जाणार होती.

रविवारी एवाझिओ जेवायला आला तो टोपी न काढताच बसला.

“वाल्तेरशी बोललो. पत्रा कापायचा नाही. मी त्याच पत्र्यावर धार उठवतो.”

मी पातेलं ओट्यावर आदळलं. “तू? त्याच्या कामावर तू हातोडा मारणार? एवढं करून पोट नाही भरलं तुझं?”

“मग कापू दे?”

“कापू दे! निदान ते परके आहेत!”

“ऐक तरी,” तो म्हणाला. एरवी ही विनंती मी त्याला करते. “कापला तर तो पत्रा गेला. ठोकला तर आकार बदलेल, पण पत्रा त्याचाच राहील. त्यानं निवडलेला, त्यानं मऊ केलेला. जगभर फिरेल तो. माझं नाव लावतील, लावू देत. आत तो असेल.”

हा माणूस मला आवडतो की नाही हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी तो बरोबर होता, एवढं मला समजत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

“माझ्याकडे का विचारायला आलास?”

“आतून कुणीतरी ठोक्याला टेकू म्हणून लोखंड धरायला हवं. डिकीतून, चाकाच्या मागच्या फटीतून हात घालून. वाल्तेरचा दंड आत जात नाही. तुझा जाईल. तिथलं अस्तर तूच लावायचीस.”

“मी त्र्याऐंशी वर्षांची आहे, एवाझिओ.”

“मी काय विशीतला आहे?”

सोमवारी आम्ही गेलो. तिराबोस्की कॅमेरावाला घेऊन आला होता. उस्ताद स्वतः ठोकणार म्हटल्यावर तो आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. मालविझींनीही मान डोलावली. बनवणाऱ्यानंच दुरुस्ती केली की ती त्यांच्या नियमात बसते म्हणे.

वाल्तेरनं डिकीत गादी टाकली. मी आडवी झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आधी मी लोखंड घेतलंच नाही. नुसती बोटं फिरवली. पत्र्याच्या आतल्या बाजूला हातोड्याचे ठसे असतात, बाहेरून ते घासून टाकतात, पण आत तसेच राहतात. सेकोंदो थोडा तिरका मारायचा; दोन ठोके जवळ, मग एक लांब. जिन्यावरून वर यायचा तेव्हाही तसाच यायचा, दोन पायऱ्या पटपट आणि मग एक सावकाश. अंधारात माझ्या बोटांखाली ते सगळे ठोके होते, ओळीनं, मडगार्डाच्या टोकापर्यंत.

“देल्फिना,” बाहेरून एवाझिओ म्हणाला, “झालं की सांग.”

“थांब जरा.”

तो थांबला. कॅमेरावाल्यानं काहीतरी विचारलं तेव्हा तो त्याच्यावर खेकसला.

मग मी धारेचं लोखंड घेतलं आणि त्यानं खडूनं ओढलेल्या रेघेखाली धरलं. वाल्तेर बाहेरून सांगत होता, वर, अजून थोडं, हां. पहिला ठोका माझ्या कोपरापर्यंत झिणझिणला. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर होता. तो रेघेच्या वर मारायचा, मग खाली, आणि मधे पत्रा माझ्या लोखंडावर उभा राहायचा. दर चार ठोक्यांनी मी लोखंड पुढे सरकवायची. सरकवताना बोट लागायचं. जिथे आधी दोन जवळ आणि एक लांब होते, तिथे आता सपाट होतं.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा उजवी बाजू झाली. मला बाहेर काढलं, पाणी दिलं. सगळे गाडीभोवती उभे होते. धार सुरेख उठली होती, तिसऱ्या गाडीपेक्षाही चांगली, हे मला मान्य करावंच लागेल. तिराबोस्कीनं डोळे पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

“तोच हात!” तो म्हणाला. “साठ वर्षांनी तोच हात!”

एवाझिओनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो माझ्यापाशी आला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि उजवा हात त्यानं डाव्या हातात धरला होता.

“आत त्याचं काही राहिलंय का?” त्यानं हळू आवाजात विचारलं. त्याचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी पुन्हा हात आत घातला. पुढून मागेपर्यंत सगळीकडे चाचपून बघितलं. हो म्हटलं असतं तरी त्याला खरं वाटलं असतं, आणि त्याला बरं वाटलं असतं.

“नाही,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग हातोडा उचलला आणि तो गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला, कारण डावं मडगार्ड अजून व्हायचं होतं.